खेळाडू केव्हा सोडावा? : फुटबॉल संघांचा हिशेब आणि मामुर्डीचे मैदान

देहूरोड छावणीला लागून, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत मामुर्डी नावाचे गाव आहे. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय मैदानामुळे शेजारच्या गहुंजेचे नाव देशभर पोहोचले. परंतु भारतीय फुटबॉलच्या इतिहासात मामुर्डीचे स्थान त्याआधीचे आणि वेगळ्या स्वरूपाचे आहे. २००७ मध्ये स्थापन झालेल्या 'पुणे एफसी' या व्यावसायिक संघाने येथे निवासी फुटबॉल अकादमी चालवली, देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून मुले आणून त्यांना घडवले, आणि त्यांतील काही मुले पुढे भारतीय संघापर्यंत पोहोचली. ती अकादमी चालवणारा संघ २०१५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधून बाहेर पडला, अकादमी ज्याच्याकडे गेली तो 'एफसी पुणे सिटी' हा संघही २०१९ मध्ये बंद झाला, आणि येथे घडलेल्या खेळाडूंच्या कर्तृत्वाचा लाभ इतर शहरांच्या संघांनी घेतला. खेळाडू घडवणे एक आणि त्याचे मोल योग्य वेळी पदरात पाडून घेणे दुसरे, हा भेद समजून घेण्यासाठी देहूच्या परिसरातील वाचकाला दूर जाण्याची गरज नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा भाग आहे. व्यावसायिक संघाने आपला खेळाडू दुसऱ्या संघाकडे केव्हा जाऊ द्यावा, म्हणजे त्याचे सर्वाधिक मोल मिळेल आणि मैदानावरील संघही दुबळा होणार नाही, या प्रश्नाला जगभरच्या संघांनी अनुभवातून काही उत्तरे शोधली आहेत. त्यांच्या मुळाशी करार, वय, हिशेबवही, बाजाराची वेळ आणि हाताशी असलेला पर्याय हे पाच घटक असून, त्यांतील शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे.

विकला जातो तो करार

अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि बहुतेक वेळा त्यासाठी खेळाडूची संमती लागत नाही. जागतिक फुटबॉलची पद्धत निराळी आहे. येथे खेळाडू ठरावीक मुदतीचा करार करतो. ती मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या संघाला तो हवा असेल, तर त्या संघाने मूळ संघाला करार सोडून देण्याबद्दल भरपाई द्यावयाची असते, आणि शिवाय खेळाडूशी स्वतंत्र करार करावयाचा असतो. या भरपाईलाच 'ट्रान्सफर फी' म्हणतात. म्हणजे बोलण्यात खेळाडू 'विकला' असे म्हटले, तरी प्रत्यक्षात विकली जाते ती कराराची उरलेली मुदत, आणि खेळाडू नाही म्हणाला तर कितीही मोठा व्यवहार जागच्या जागी थांबतो.

कराराची मुदत संपल्यावर काय, या प्रश्नाचा निकाल १५ डिसेंबर १९९५ रोजी लागला. ज्याँ-मार्क बॉस्मन या बेल्जियन खेळाडूचा लिएज येथील संघाशी असलेला करार संपला होता, तरीही संघ भरपाईची रक्कम मिळाल्याशिवाय त्याला फ्रान्समधील डंकर्क संघाकडे जाऊ देण्यास तयार नव्हता. युरोपीय न्यायालयाने खेळाडूच्या बाजूने निर्णय दिला, आणि करार संपलेला खेळाडू युरोपीय समुदायात विनामूल्य कोठेही जाऊ शकतो हे तत्त्व प्रस्थापित झाले. पुढे जागतिक नियमांतही ते उतरले, आणि कराराचे शेवटचे सहा महिने उरले असता खेळाडू नव्या संघाशी आगाऊ करार करू शकतो, अशी तरतूद त्याला जोडली गेली.

या एका निर्णयाने खेळाडूच्या किमतीचे गणित बदलून गेले. चार वर्षांचा करार हाती असलेल्या संघाला घाई नसते, त्यामुळे तो हवी ती किंमत सांगू शकतो; दोन वर्षे उरली की खरेदीदार थांबण्याचा विचार करू लागतो; एक वर्ष उरले की थांबण्याचा फायदा खरेदीदाराला आणि तोटा विक्रेत्याला, हे दोघांनाही कळलेले असते; आणि शेवटच्या सहा महिन्यांत विकण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही. किलियन एम्बापेसाठी पॅरिसच्या संघाने मोनॅको संघाला सुमारे १८ कोटी युरो मोजले होते. २०२४ मध्ये करार संपवून तो रेआल माद्रिदकडे गेला, तेव्हा पॅरिसच्या पदरात ट्रान्सफर फी म्हणून काहीच पडले नाही. म्हणून अनुभवी संघांचे व्यवस्थापक 'दोन वर्षे शिल्लक' ही निर्णयाची रेषा मानतात. या रेषेवर पोहोचलेल्या खेळाडूबाबत एक तर करार वाढवावयाचा, नाही तर त्याच हंगामाअखेर त्याला सोडावयाचे. निर्णय पुढे ढकलणे हाही एक निर्णयच असतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत महाग पडतो.

वयाचा चढ-उतार

दुसरा घटक वयाचा आहे. मैदानावरील फुटबॉलपटू सामान्यतः पंचविशी ते एकोणतिशीच्या दरम्यान आपल्या कौशल्याच्या शिखरावर असतो. वेगावर अवलंबून असणारे विंगर, म्हणजे कडेने चाल करणारे खेळाडू, थोडे आधी उतरणीला लागतात, मध्यरक्षक आणि बचावपटू थोडे उशिरा, आणि गोलरक्षक तर पस्तिशीच्या आसपासही उत्तम खेळतात. तथापि खेळाचे शिखर आणि किमतीचे शिखर एकाच वर्षी येत नाही, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. खरेदीदार गेल्या वर्षीच्या गोलांसाठी पैसे देत नाही. त्याला पुढील चार-पाच वर्षांचा खेळ हवा असतो आणि त्यानंतर तो खेळाडू पुन्हा विकता येईल ही आशाही त्या किमतीत धरलेली असते. त्यामुळे बाविशी ते पंचविशीतल्या, नुकत्याच नावारूपाला आलेल्या खेळाडूला सर्वाधिक भाव मिळतो, आणि तो खरोखर परिपक्व खेळू लागतो तोवर त्याचा भाव उतरू लागलेला असतो.

एडन हझार्डचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१९ मध्ये तो अठ्ठावीस वर्षांचा होता, चेल्सीबरोबरच्या त्याच्या कराराचे एकच वर्ष उरले होते, आणि त्याने नुकताच अत्यंत यशस्वी हंगाम पूर्ण केला होता. रेआल माद्रिदने त्याच्यासाठी सुमारे दहा कोटी युरो मोजले; परंतु दुखापतींनी ग्रासलेल्या चार वर्षांत तो नव्या संघाकडून अवघे ७६ सामने खेळला, सात गोल करू शकला, आणि २०२३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. चेल्सीला आपला लाडका खेळाडू गमावल्याचे दुःख झाले असले, तरी विक्रीच्या वेळेपुरता विचार केल्यास त्याहून चांगला क्षण पुन्हा येणार नव्हता.

मात्र वयाचा नियम यांत्रिकपणे लावता येत नाही, हे मुंबईच्या उदाहरणावरून दिसते. मुंबई सिटी एफसीने २०२०-२१ च्या हंगामात इंडियन सुपर लीगचे दोन्ही किताब पटकावले, त्या संघात बार्थोलोम्यू ओग्बेचे हा नायजेरियन आघाडीवीर होता. हंगामानंतर, सदतिशीला टेकलेला हा खेळाडू हैदराबाद एफसीकडे गेला, आणि २०२१-२२ मध्ये त्याने अठरा गोल करून लीगमधील सर्वाधिक गोलांचा मान मिळवला; हैदराबादने त्याच हंगामात विजेतेपदही जिंकले. ओग्बेचेला पुन्हा विकून हैदराबादला काही मिळणार नव्हते, पण मैदानावर त्याने जे दिले त्याचे मोल मोठे होते. तेव्हा खेळाडूला दोन मूल्ये असतात असे म्हणणे योग्य ठरेल: दुसरा संघ जे देईल ते विक्रीमूल्य, आणि आपल्या संघाला त्याच्या खेळातून जे मिळेल ते उपयोगमूल्य. विक्रीचा योग्य क्षण म्हणजे पहिले मूल्य दुसऱ्याहून जास्त होते तो क्षण.

हिशेबवहीतील घसारा

तिसरा घटक हिशेबाचा. तळवड्यातील एखाद्या कारखानदाराने सीएनसी यंत्र घेतले, तर त्याची सगळी किंमत तो एकाच वर्षाच्या खर्चात दाखवत नाही. यंत्राच्या आयुष्यभर ती घसारा म्हणून वाटून टाकतो, आणि दरवर्षी वहीतील यंत्राचे मूल्य कमी होत जाते. फुटबॉल संघही ट्रान्सफर फीचा हिशेब असाच ठेवतात, फक्त तेथे यंत्राच्या आयुष्याची जागा कराराची मुदत घेते.

समजा, एखाद्या संघाने दोन कोटी रुपये देऊन चार वर्षांच्या कराराने खेळाडू घेतला. दरवर्षी पन्नास लाख रुपये खर्चात जातील, आणि दोन वर्षांनी वहीत त्याचे मूल्य एक कोटी उरेल. त्या वेळी तो दीड कोटीला विकला, तर खरेदीच्या किमतीपेक्षा कमी पैसे आले असूनही त्या वर्षाच्या ताळेबंदात पन्नास लाखांचा नफा दिसेल. याउलट अकादमीत घडलेल्या मुलासाठी संघाने कोणालाही ट्रान्सफर फी दिलेली नसते, त्यामुळे वहीत त्याचे मूल्य शून्य असते आणि विक्रीची सगळी रक्कम नफा ठरते. म्हणूनच खर्चावर मर्यादा घालणारे नियम लागू झाल्यापासून युरोपातील संघांना आपलीच मुले विकण्याचा मोह अधिक होतो. काही संघांनी सात-आठ वर्षांचे करार करून वार्षिक घसारा कमी दाखवण्याची युक्ती काढली, तेव्हा युरोपीय फुटबॉल संघटनेने २०२३ मध्ये हा खर्च जास्तीत जास्त पाचच वर्षांत वाटावा असा नियम केला.

वहीतील नफा हा विक्रीचा निकष मात्र नव्हे. खरा निकष थोडक्यात असा मांडता येतो. चोवीस वर्षांच्या एका विंगरच्या कराराची दोन वर्षे उरली आहेत, आज त्याच्यासाठी दीड कोटी रुपये मिळत आहेत, आणि वर्षभराने एकच वर्ष उरल्यावर ऐंशी लाखच मिळतील असा अंदाज आहे, असे मानू. त्याचे वार्षिक वेतन साठ लाख आहे. म्हणजे त्याला आणखी एक वर्ष ठेवण्याची किंमत केवळ साठ लाखांचे वेतन नसून, घटलेल्या भावाचे सत्तर लाख धरून एक कोटी तीस लाख आहे. त्याच्या जागी येणाऱ्या खेळाडूवर त्या वर्षी नव्वद लाख खर्च होणार असतील, तर प्रश्न एवढाच उरतो की, दोघांच्या खेळातील फरक संघाला चाळीस लाख रुपयांच्या मोलाचा आहे काय? किताबाच्या शर्यतीत असलेल्या संघासाठी तो असू शकतो. गुणतालिकेच्या मधोमध असलेल्या संघासाठी बहुधा नसतो. हे गणित साधे आहे, पण ते कागदावर मांडल्याशिवाय 'मोठा खेळाडू हातचा जाऊ द्यायचा नाही' या भावनेपुढे ते टिकत नाही.

बाजाराची वेळ

फुटबॉलमध्ये खेळाडूंचे व्यवहार वर्षभर चालत नाहीत. हंगामापूर्वी एक मोठा आणि हंगामाच्या मध्यावर एक छोटा, असे दोन कालावधी ठरवून दिलेले असतात, त्यांना 'ट्रान्सफर विंडो' म्हणतात. या मुदतीच्या आरंभी विकणाऱ्याला पर्याय शोधायला वेळ मिळतो. शेवटच्या दिवशी विकणाऱ्याला एक तर चढा भाव मिळायला हवा, नाही तर त्याने नकार द्यायला हवा. हंगामाच्या मध्यावर गरजू खरेदीदार जास्त पैसे देतात हे खरे, पण तेव्हा विक्रेत्यालाही बदली खेळाडू सहजासहजी मिळत नाही.

बार्सिलोनाच्या २०१७ च्या अनुभवातून हे स्पष्ट होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या संघाने नेमारच्या करारात लिहिलेली २२ कोटी २० लाख युरोंची मुक्तता रक्कम भरली आणि तो गेला. इतकी मोठी रक्कम तोवर कोणत्याच संघाला मिळाली नव्हती. परंतु मुदत संपत आली होती आणि बार्सिलोनाच्या तिजोरीत किती पैसे आहेत हे साऱ्या युरोपला ठाऊक होते, त्यामुळे पर्यायी खेळाडूंसाठी विक्रेत्यांनी भाव चढवले. उस्मान देम्बेलेवर बार्सिलोनाने दहा कोटी युरोंहून अधिक खर्च केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या फिलिपे कुतिन्योवर त्याहूनही मोठी रक्कम मोजली.

लिव्हरपूलच्या बाजूने पाहिले तर हाच व्यवहार आदर्श ठरतो. कुतिन्यो जाण्यापूर्वीच त्यांनी व्हर्जिल व्हॅन डाइक या बचावपटूचा साडेसात कोटी पौंडांचा व्यवहार पक्का केला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात ॲलिसन हा गोलरक्षक घेतला. संघाची खरी उणीव आक्रमणात नव्हती, बचावात होती. एका आवडत्या आक्रमक खेळाडूचे मोल घेऊन त्यांनी ती भरून काढली, २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडचे लीग विजेतेपद मिळवले.

पर्याय आधी, विक्री नंतर

येथे या विषयाच्या गाभ्यापाशी येता येते. विक्रीची वेळ चुकते ती बहुधा भाव न कळल्यामुळे चुकत नाही. जागा घेणारा खेळाडू तयार नसल्यामुळे संघ थांबतो, आणि थांबता थांबता करार संपत येतो. इंग्लंडमधील ब्रायटन या तुलनेने लहान संघाने या दुखण्यावर उपाय शोधला. त्यांनी २०२१ मध्ये इक्वेडोरमधून मोइसेस कायसेडो हा एकोणीस वर्षांचा मध्यरक्षक सुमारे चाळीस लाख पौंडांना आणला. जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनलने मोठी मागणी केली. हंगाम ऐन रंगात असल्याने ब्रायटनने ती नाकारली, मार्चमध्ये त्याच्याशी २०२७ पर्यंतचा नवा करार केला, आणि ऑगस्टमध्ये चेल्सीकडून दहा कोटी पौंड, शिवाय पुढील अटींवर दीड कोटी, एवढी किंमत घेतली. त्याच महिन्यात कार्लोस बालेबा हा त्याहून तरुण मध्यरक्षक संघात दाखल झाला. नकार देणे, करार वाढवणे आणि मग विकणे या तीनही पायऱ्या आठ महिन्यांत पार पडल्या, कारण पुढचा खेळाडू कोण हे संघाला आधीच ठाऊक होते.

भारतातही अशी उदाहरणे घडू लागली आहेत. गोव्याचा विंगर लिस्टन कुलासो जानेवारी २०२० मध्ये हैदराबाद एफसीकडे आला, दीड वर्षात त्याने नाव कमावले, आणि २०२१ मध्ये एटीके मोहन बागानने त्याच्यासाठी सुमारे एक कोटी रुपये मोजल्याचे प्रसिद्ध झाले. भारतीय खेळाडूसाठी ही रक्कम त्या वेळी विक्रमी मानली गेली. लिस्टन गेल्यावर हैदराबाद खचले नाही. मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्डा येथे केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून त्यांनी इंडियन सुपर लीगचा किताब जिंकला. एका खेळाडूवर संघाचा डोलारा उभा नसेल, तर त्याला चढ्या भावात सोडण्याचे धैर्य संघाच्या अंगी येते.

बालेवाडीतील कबड्डीचा दाखला

जेथे ट्रान्सफर फी नाही, तेथेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण पुण्याच्याच संघाने घालून दिले आहे. प्रो कबड्डी लीगमध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंच्या मानधनासाठी पाच कोटी रुपयांची मर्यादा असते. संघ काही खेळाडू राखून ठेवतात, बाकीचे सोडतात, आणि सोडलेले खेळाडू लिलावात जातात. खेळाडू सोडला म्हणून जुन्या संघाला एक रुपयाही मिळत नाही; मिळते ती केवळ मर्यादेतील मोकळी जागा.

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलू या इराणी बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले, म्हणजे एकूण मर्यादेचा जवळजवळ निम्मा भाग एका खेळाडूवर लावला. हे धाडस परवडले, कारण कर्णधार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांच्यासारखे चढाईपटू संघाने नवोदित म्हणून घेऊन स्वतः घडवले होते आणि त्यांच्यावर लिलावात मोठी रक्कम खर्च करावी लागली नव्हती. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. त्यानंतर संघाने शादलूला सोडले. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी, पलटणच्या स्वतःच्या बालेवाडीच्या मैदानावर, पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून हरियाणा विजेता ठरला. इनामदार दुखापतीमुळे बाहेर बसलेला असताना पलटण त्या हंगामात आठव्या क्रमांकावर घसरली.

एवढ्यावरून शादलूला सोडणे चूक होते असे म्हणता येईल काय? एका हंगामाचा निकाल पाहिला तर तसे वाटते. दोन हंगाम एकत्र पाहिले तर चित्र पालटते. २०२५ च्या लिलावात शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला, तरी गुजरातला किताबाच्या जवळपासही पोहोचता आले नाही. उलट आपल्याच घडवलेल्या खेळाडूंवर भिस्त ठेवणाऱ्या पलटणने ऑक्टोबर २०२५ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा निसटता पराभव पत्करला. महागडा खेळाडू घडलेल्या संघाला शेवटचा टप्पा पार करून देऊ शकतो, पण न घडलेल्या संघाला तो तारू शकत नाही. म्हणून शादलूसारख्या खेळाडूला घेण्याची आणि सोडण्याची वेळ ठरवताना त्याच्या खेळापेक्षा भोवतीच्या संघाकडे आधी पाहावे लागते.

मामुर्डीने काय गमावले

या निकषांवर पुण्याच्या फुटबॉलचा इतिहास तपासला असता हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला होता आणि खेळाडू घडवण्याची व्यवस्था त्याच्या हाती होती. मूळचा केरळमधील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन येथेच घडला. एफसी पुणे सिटीने त्याला काही काळ स्पेनमधील व्हिलारेआलच्या 'सी' संघाकडे उसनवारीवर पाठवले, परत आल्यावर तो मुख्य संघात स्थिरावला, आणि जानेवारी २०१९ मध्ये आशिया चषकात थायलंडचा ४-१ असा पराभव करणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्याच वर्षी, बाविशीत, तो बेंगळुरू एफसीकडे गेला. खेळाडूच्या वयाच्या आणि नावलौकिकाच्या दृष्टीने विक्रीचा हा उत्तम क्षण होता. परंतु त्याचे मोल पुढील मुलांवर गुंतवणारा संघच काही महिन्यांत उरला नाही. पुण्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली, आशिष राय आणि निखिल पुजारी यांच्यासारखे पुण्याचे अनेक खेळाडू तिकडे गेले, आणि २०२२ च्या विजेतेपदात या खेळाडूंचाही वाटा होता.

पुण्याच्याच डीएसके शिवाजियन्सने लोणी काळभोर येथे लिव्हरपूलच्या सहकार्याने अकादमी चालवली. मिझोरामचा लालियानझुआला छांगते तेथे शिकला. पुढे दिल्ली आणि चेन्नई असा प्रवास करून तो मुंबई सिटीकडे आला आणि २०२२-२३ चा देशातील सर्वोत्तम पुरुष फुटबॉलपटू ठरला. तोवर शिवाजियन्सचा संघ आय-लीगमधून बाहेर पडून काही वर्षे लोटली होती.

विक्रीची वेळ निवडण्याचा अधिकार सुस्थितीतल्या संघालाच असतो, हा या घटनांचा अर्थ आहे. आर्थिक अडचणीतला संघ जेव्हा विकतो, तेव्हा वेळ खरेदीदार ठरवतो. जागतिक नियमांनुसार खेळाडूचे दोन महिन्यांचे वेतन थकले, तर रीतसर सूचना देऊन आणि पंधरा दिवस थांबून तो करार मोडू शकतो, आणि मग विकण्यासारखे काहीच राहत नाही. किताब जिंकणाऱ्या हैदराबादवरही २०२३-२४ च्या हंगामात हीच वेळ आली, आणि थकलेल्या वेतनामुळे एकामागून एक खेळाडू संघ सोडून गेले. वेळेवर पगार देणे ही माणुसकीची बाब तर आहेच, पण खेळाडूचे मोल टिकवण्याचा तो पहिला व्यावहारिक नियमही आहे.

घडवणाऱ्याचा वाटा

मोठे संघ येतात आणि जातात. मुले मात्र शाळांच्या, छावण्यांच्या आणि मोहल्ल्यांच्या मैदानांवर खेळतच असतात. या मैदानांवरील छोट्या क्लबांसाठी नियमांत एक महत्त्वाची तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातील संघाकडे गेला, तर ट्रान्सफर फीतील पाच टक्के रक्कम त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत घडवणाऱ्या सर्व क्लबांमध्ये वाटली जाते. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक हंगामासाठी एकूण फीचा पाव टक्का, आणि सोळा ते तेवीस या वयातील प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का, असे हे प्रमाण आहे. याखेरीज खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला की प्रशिक्षण भरपाईची वेगळी तरतूदही आहे.

देहूरोड किंवा निगडीच्या एखाद्या क्लबात एक मुलगा बारा ते अठरा वयापर्यंत खेळला, आणि काही वर्षांनी तो दहा कोटी रुपयांच्या फीवर परदेशी संघाकडे गेला, असे मानू. पहिल्या चार हंगामांचा एक टक्का आणि पुढील तीन हंगामांचा दीड टक्का मिळून अडीच टक्के, म्हणजे पंचवीस लाख रुपये, त्या क्लबाच्या हक्काचे ठरतात. एवढ्या रकमेत छोटा क्लब कित्येक वर्षे चालू शकतो. फिफाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या क्लिअरिंग हाऊसमार्फत ही रक्कम थेट क्लबाला पोहोचवण्याची व्यवस्थाही झाली आहे. अट एकच: तो मुलगा त्या हंगामांत त्या क्लबाकडे अधिकृतपणे नोंदलेला असला पाहिजे. ज्याची नोंद नाही, त्याच्यावर सात वर्षे घाम गाळला असला तरी नियमांच्या लेखी त्या क्लबाचे अस्तित्व नाही.

म्हणून पिंपरी-चिंचवड आणि मावळ परिसरातील क्लबांना, शाळांना आणि प्रशिक्षकांना कळकळीने सांगावेसे वाटते की, मुलगा बारा वर्षांचा झाला की जिल्हा संघटनेमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत त्याची नोंद करावी, दर हंगामाला ती नूतन करावी, जन्मदाखला आणि नोंदणीची कागदपत्रे जपून ठेवावीत, आणि मुलगा दुसऱ्या क्लबाकडे गेला तरी त्याच्या वाटचालीवर लक्ष ठेवावे. मोठ्या संघांनी खेळाडू केव्हा विकावा याचे उत्तर असे देता येईल: कराराची दोन वर्षे उरली असताना, भाव शिखरावर असताना आणि जागा घेणारा मुलगा तयार असताना. तो मुलगा तयार करण्याचे काम मामुर्डीसारख्या मैदानांवरच होते, आणि त्याची पहिली पायरी नोंदवहीतील एक ओळ आहे. ती या हंगामात भरली जावी.